मदत हवी आहे : बाबांसाठी वॉक-इन क्लिनिकवर कितपत भरवसा ठेवायचा?

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय, सांभाळून घ्या.

बाबा ६८ वर्षांचे, बीपी आणि शुगर दोन्ही. आमचे फॅमिली डॉक्टर २ वर्षांपूर्वी रिटायर झाले, तेव्हापासून काही झालं की बाबा वॉक-इनला जातात. अपॉइंटमेंट नको, रात्री उशिरापर्यंत उघडं. क्लिनिक वाईट आहे असं अजिबात नाही, एकदा रविवारी लघवीला जळजळ होत होती तेव्हा तिथेच लघवी तपासून लगेच औषध सुरू केलं, नाहीतर सोमवारपर्यंत तळमळत बसले असते.

पण गेल्या महिन्यात गुडघा दुखतो म्हणून गेले आणि १० दिवसांची आयबुप्रोफेन मिळाली. बाबांना बीपीसाठी रामिप्रिल आणि लघवी जास्त होण्याची गोळी अशा दोन्ही चालू आहेत, पण विचारल्यावर म्हणाले "बीपीची एक गोळी घेतो", झालं. आठवड्यात पायांवर सूज, बीपी १७०, रक्तात क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते दाखवणारा आकडा) वाढलेलं. नंतर कळलं की ह्या तिन्ही एकत्र आल्या की किडनीवर ताण येतो. आयबुप्रोफेन बंद केल्यावर उतरलं सगळं, पण माझी झोप उडालीय. त्या डॉक्टरांना तरी काय बोलणार, त्यांनी बाबांना पहिल्यांदाच बघितलेलं.

मग मी सगळे कागद घेऊन बसले. २ वर्षांत ७ वेगवेगळे डॉक्टर. बीपी ५ वेळा मोजलंय, ४ वेळा १५० च्या वर, आणि प्रत्येकाने खाली लिहिलंय "फॅमिली डॉक्टरांना दाखवा". तेच तर नाहीयेत! एचबीए१सी, म्हणजे शुगरची रक्ततपासणी, एकदाही केलेली नाही.

जवळपास कुणी नवीन पेशंट घेत नाहीये. तोपर्यंत काय करू? बाबा म्हणतात डॉक्टर सगळे सारखेच.

प्रतिसाद १
ताई, मी अशा क्लिनिकमध्ये नर्स होते. घसा, कान, छोटी जखम, मुरगळणं ह्याला बिनधास्त जा. छातीत दुखलं, बोलणं अडखळलं, तोंड वाकडं झालं तर तिथे थांबूच नका, थेट इमर्जन्सी. बीपी-शुगरला मात्र तोच माणूस परत परत बघणारा हवा. एकच डॉक्टर कुठल्या वारी बसतात ते काउंटरवर विचारा आणि त्याच वारी जा, गर्दी नसेल तेव्हा. एचबीए१सी तुम्हीच मागा, त्यात शुगरची २-३ महिन्यांची सरासरी कळते. घरी ५ मिनिटं शांत बसवून सकाळ-संध्याकाळ बीपी मोजा, ७ दिवसांचे आकडे न्या. आणि औषधं एकाच दुकानातून घ्या, फार्मासिस्टच्या लक्षात येतं बरेचदा.

प्रतिसाद २
काकांना सांगा, २०१८ मध्ये २२ अभ्यास एकत्र तपासले होते, त्यातल्या १८ मध्ये तोच डॉक्टर टिकून असलेल्या लोकांत मृत्यूचं प्रमाण कमी दिसलं. म्हणजे सगळे सारखे नसतात.

धागाकर्ती
खूप आभार दोघांचे. औषधांची यादी करायला बाबांच्या कपाटातली सगळी पाकिटं काढली तर त्यात झोपेची गोळी पण निघाली, ६ महिन्यांपासून घेतायत म्हणे. उद्याच त्या एका डॉक्टरांचा वार विचारून येते.