मदत हवी आहे: 'ऑगमेंट'चा नेमका अर्थ आणि उगम

तांत्रिक मजकुराच्या अनुवादात 'ऑगमेंट' वारंवार येतो आहे. 'इन्क्रीज' आणि 'एन्हान्स'पासून तो वेगळा कसा ओळखायचा? प्रत्येक ठिकाणी 'वाढवणे' लिहिले तर चालेल का? शब्दाचे मूळही सांगा.

प्रतिसाद १:
सरसकट 'वाढवणे' नको. मुळात असलेल्या गोष्टीला बाहेरून काही जोडून ती वाढवली, तर ऑगमेंट. 'शी ऑगमेंट्स हर इन्कम बाय टीचिंग' म्हणजे उत्पन्न आहेच, त्यात शिकवण्याच्या कमाईची भर. इथे 'भर घालणे' चपखल बसते. आकडा किंवा प्रमाण नुसते चढले तर इन्क्रीज, गुणवत्ता सुधारली तर एन्हान्स. किंमत आपोआप चढली तिथे ऑगमेंट खटकतो, कारण आजच्या वापरात हे क्रियापद बहुधा सकर्मकच असते. भर कशाची, हे 'विथ' किंवा 'बाय'नंतर येते. अर्थ लावताना आधी तेच शोधा.

क्रियापद असताना उच्चारात आघात 'मेंट'वर.

प्रतिसाद २:
मूळ लॅटिन 'आउगेरे', म्हणजे वाढवणे. त्यावरून 'आउगमेंटुम', पुढे 'आउगमेंतारे', आणि फ्रेंचमार्गे इंग्रजीत. चढत्या बोलीचा 'ऑक्शन' याच घरातला, आणि 'ऑथर'सुद्धा. त्याहून मागच्या भारोपीय धातूशी आपला 'ओजस्' जोडला जातो. इंग्रजीची स्वतःची शाखा म्हणजे 'ईक' (भर घालणे). 'निकनेम' आधी 'ईकनेम', म्हणजे जोडनाव होते. आधी येणाऱ्या 'अॅन' या उपपदातला न त्याला चिकटला आणि तिथेच राहिला.

'जोडणे' ही छटा शास्त्रांनी फार नेमकी जपली आहे. संस्कृतात 'गच्छति'चे 'अगच्छत्' होताना धातूआधी जो 'अ' लागतो, तो पाणिनीचा 'अट्' आगम. पाश्चात्त्य व्याकरणात त्यालाच ऑगमेंट म्हणतात, आणि ग्रीकमध्येही तो आहे: 'लुओ' (मी सोडतो), 'एलुओन' (मी सोडत होतो). (असा 'ऑगमेंट' नाम असताना उच्चारात आघात पहिल्या अक्षरावर.) गणितातही तसेच. तीन समीकरणे, तीन चल असतील तर सहगुणकांच्या ३×३ सारणीला स्थिरांकांचा स्तंभ जोडून ३×४ची ऑगमेंटेड मॅट्रिक्स होते. इथे 'वाढीव सारणी' लिहिले तर वाचकाला संख्या मोठ्या झाल्या असे वाटेल, म्हणून 'विस्तारित'. पाश्चात्त्य संगीतात मात्र जोडणी नाही, दोन स्वरांतले अंतरच वाढते: शुद्ध पंचमाचे ७ अर्धस्वर, ऑगमेंटेडचे ८.

धागाकर्ता:
आणि 'ऑगमेंटेड रिअॅलिटी'? 'संवर्धित वास्तव' ठेवू का?

प्रतिसाद १:
ठेवा, रूढ आहे. पहिल्या उल्लेखात मात्र एक वाक्य घाला: समोरच्या खऱ्या दृश्यावर संगणकाने चित्र किंवा माहिती जोडलेली असते. नाहीतर 'आभासी वास्तवा'शी गल्लत होते. तिथे खरे दृश्य झाकलेलेच असते.