मदत हवी आहे: ‘पेन’ने सुरू होणारी गावनावं पक्क्या ब्रिटॉनिक यादीत कधी घ्यावीत?

उत्तर इंग्लंडमधल्या लँकाशर आणि यॉर्कशरमधल्या ब्रिटॉनिक नावांचा नकाशा करतेय (ब्रिटॉनिक म्हणजे इंग्रजीच्या आधी तिथे बोलली जाणारी, वेल्शची पूर्वज भाषा). आजच्या स्पेलिंगवर जात नाही. प्रत्येक नावाचं सर्वांत जुनं रूप घेते, शक्य तिथे १०८६च्या डूम्सडे बुक या जमीन-नोंदवहीतलं.

‘वॉल्टन’ फार फसवं. जुन्या रूपात मधला स्वर टिकला असेल (‘वालेतुन’), तर ‘ब्रिटनांचं (ब्रिटॉनिक बोलणाऱ्यांचं) गाव’ धरते. नुसतं ‘वाल्तुन’ असेल तर भिंत किंवा रानही निघू शकतं, म्हणून ते संशयित रकान्यात. मेंढ्या मोजायचे ‘यान, टॅन, टेथेरा’ हे आकडे सरळ वगळलेत: पाचाचा ‘पिंप’ वेल्शशी जुळतो, पण लेखी नोंदी फार उशिराच्या.

अडलंय ‘पेन’पाशी. पेंडल हिलमध्ये ते ब्रिटॉनिक ‘टेकडी’च (त्यावर टेकडीचा इंग्रजी शब्द ‘हिल’ आणखी दोनदा चढलाय!). पण जुन्या इंग्रजीत ‘पेन्न’ म्हणजे कोंडवाडाही होतो. सर्वांत जुनं रूप १२००नंतरचं आणि गाव मात्र टेकडीच्या सोंडेवर, अशा वेळी निव्वळ भूरचनेवर विसंबावं का? की जवळपास ‘एकल्स’सारखं चर्चवाचक ब्रिटॉनिक नावही हवंच? असल्यास किती किलोमीटरच्या आत? नावांवर काम केलेल्यांनी कृपया सांगा.