सीबी रेडिओ: अँटेना नवी, तरी एसडब्ल्यूआर 3 च्या खाली येत नाही

अठराचाकी_ओहायो
नमस्कार मंडळी. अमेरिकेत ट्रक चालवणारं किंवा रेडिओतलं कळणारं कुणी असेल तर बघा जरा.

स्लीपर ट्रॅक्टर (मागे झोपायची जागा असलेला ट्रक) आहे, 12 व्होल्टचा. रेडिओ साधा सीबी (ट्रकवाले आपापसात बोलायला वापरतात तो), 40 चॅनेल, एएम. डाव्या आरशाच्या दांड्याला ब्रॅकेट, त्यावर 4 फुटी फायबरग्लास अँटेना, तिच्या टोकाला ट्यूनिंगचा स्क्रू. केबल आरजी-58, 18 फूट. उरलेली घट्ट गुंडाळून सीटमागे बांधली आहे. सप्लाय लायटरच्या सॉकेटमधून.

एसडब्ल्यूआर मीटर (अँटेनाकडे पाठवलेला सिग्नल किती उलट परत येतो ते दाखवणारा, 1 च्या जितका जवळ तितका चांगला) लावला तर चॅनेल 1, 19, 40, तिन्हीवर काटा 3 च्या पुढे. टोकाचा स्क्रू पूर्ण आत घेतला, पूर्ण बाहेर काढला, काटा ढिम्म. अर्ध्या मैलावरच्या ट्रकलाही माझं ऐकू जात नाही. वर गाडी रेस केली की स्पीकरमध्ये शिट्टी चढत जाते.

अँटेनाच खराब आहे का? की दोन्ही आरशांवर दोन लावू? एक जण म्हणतो, सरळ अँप्लिफायर टाक.

तांब्याची_तार
आधी बोलायचं बटण दाबणं बंद करा. 3 च्या वर एसडब्ल्यूआर असताना बोलत राहिलात तर रेडिओचा शेवटचा ट्रान्झिस्टर जातो. तपासायला दोन-तीन सेकंद पुरतात.

तिन्ही चॅनेलवर सारखाच जास्त आणि स्क्रू फिरवून काही होत नाही, म्हणजे लांबीचा प्रश्नच नाही. एक तर कुठे तरी शॉर्ट आहे, नाही तर ब्रॅकेटला अर्थिंग, म्हणजे गाडीच्या धातूशी जोड, मिळत नाही. मल्टिमीटर घ्या. केबल रेडिओपासून सोडवा, अँटेना ब्रॅकेटवरून उतरवा (काही अँटेनांच्या आत कॉइल अर्थिंगला जोडलेली असते, ती लावून ठेवलीत तर शॉर्ट नसताना शॉर्ट दिसेल). मग:

केबलची मधली पिन ते बाहेरची कडी: काहीच जोडलेलं दिसता कामा नये.
मधली पिन ते ब्रॅकेटवरचा बोल्ट: जवळपास शून्य ओहम.
ब्रॅकेट ते बॅटरीचं निगेटिव्ह: 1 ओहमच्या आत.

पहिली तपासणी चुकली तर नव्वद टक्के दोष बोल्ट आणि ब्रॅकेटच्या मधल्या पांढऱ्या नायलॉनच्या वॉशरचा. त्याला एका बाजूला बारीक गळा असतो. तो गळा ब्रॅकेटच्या भोकात आत बसला पाहिजे, म्हणजे बोल्ट भोकाच्या कडेला टेकत नाही. वॉशर उलटा घातला की वरून सगळं नीटनेटकं दिसतं, आणि आत बोल्ट ब्रॅकेटला टेकून सगळा सिग्नल तिथेच शॉर्ट.

तिसरी चुकली तर आरसा बघा. हल्लीच्या ट्रकचे आरशाचे दांडे रंगवलेले, मधे रबर आणि प्लॅस्टिक. ब्रॅकेट नुसतं हवेत लटकत असतं. तांब्याची विणलेली चपटी पट्टी, अर्धा ते एक इंच रुंद, ब्रॅकेटपासून दाराच्या धातूच्या चौकटीपर्यंत आणि बिजागरीवरून दार ते कॅब, अशी दोन तुकड्यांत टाका. जितकी आखूड तितकी चांगली. जिथे बसवाल तिथला रंग खरवडून धातू उघडा करा, दातेरी वॉशर घाला, वरून ग्रीस. बारीक लांब वायर टाकलीत तर मल्टिमीटर खूश होईल, सीबीचं 27 मेगाहर्ट्‌झ होणार नाही.

केबलचं घट्ट वेटोळं सोडा. 12 ते 14 इंचांचा सैल आठ करून मधोमध बांधा. अँटेनाचं टोक जमिनीपासून 13 फूट 6 इंचांच्या आत राहील असं बघा.

शिट्टीवाला
शिट्टीचं मी सांगतो. इंजिन चालू, रेडिओ चालू, मागून अँटेनाची केबल काढा. शिट्टी तशीच राहिली तर ती सप्लायच्या वायरमधून येतेय. थांबली तर अँटेनातून.

तुमच्या बाबतीत लायटर सॉकेटवर माझा संशय आहे. त्या लाइनवर अजून दहा गोष्टी असतात. बहुतेक अमेरिकन ट्रकमध्ये डोक्यावरच्या कप्प्यात रेडिओसाठीच लाल-काळे दोन स्क्रू दिलेले असतात, तिथे रिंग टर्मिनल लावून जोडा. नसतील तर बॅटरीपासून थेट 14 गेजची जोडवायर आणि बॅटरीजवळ फ्यूज. साधा सीबी 2 अँपियरच्या आसपास घेतो, 3 चा फ्यूज पुरे. उलट जोडलंत तर आतला डायोड शॉर्ट होऊन फ्यूज उडवतो, तेच त्याचं काम. पण तिथे कुणी 15 चा फ्यूज घातला असेल तर फ्यूज शाबूत आणि डायोड, कधी कधी सर्किट बोर्डावरच्या तांब्याच्या रेघेसकट, जळून मोकळा.

केबल काढल्यावर आवाज थांबला तर फोनचा चार्जर, इन्व्हर्टर, एलईडी दिवे एकेक बंद करून बघा. स्वस्तातला यूएसबी चार्जर हा नेहमीचा चोर. सापडला की त्याच्या वायरवर फेराइटचा मणी, तीन-चार वेढे देऊन.

अठराचाकी_ओहायो
वॉशर उलटाच होता! पट्टीही टाकली, सप्लाय वरच्या स्क्रूवरून घेतला. शिट्टी गेली. आता चॅनेल 1 वर 2.2, 19 वर 1.8, 40 वर 1.4.

तांब्याची_तार
आता लांबीकडे वळा. 1 वर जास्त आणि 40 वर कमी, म्हणजे अँटेना आखूड आहे. टोकाचा स्क्रू एकेक फेरा बाहेर काढत जा आणि दर वेळी मोजा. 40 वर जास्त असता तर आत घ्यायचा. 1 आणि 40 दोन्हीकडे साधारण 1.5 आणि मधे 19 वर त्याहून कमी आला की थांबा, त्यापुढे दशांशामागे लागण्यात अर्थ नाही. मोजताना दारं बंद, गाडी मोकळ्यावर, पंपाच्या छपराखाली नको. आणि दर वेळी चॅनेल बदलल्यावर मीटर पुन्हा ‘सेट’वर आणायला विसरू नका.

दोन अँटेनांचं म्हणाल तर नको. त्या एकमेकींपासून 8-9 फूट लांब हव्यात, केबल 75 ओहमची आरजी-59 जोडकेबल हवी, आणि एकीचा वॉशर बिघडला तरी दोन्हींचा खेळ बिघडतो. अँप्लिफायर सीबीवर बेकायदा आहे. कायद्याने एएमवर 4 वॅट, आणि चांगल्या अँटेनावर तेवढ्यात सपाट रस्त्याला 3 ते 5 मैल आरामात जातं.

घाटमाथा
मशिनरी झाली, आता बोलण्याचं. चॅनेल 19 म्हणजे 27.185 मेगाहर्ट्‌झ, ट्रकवाल्यांचं. कॅलिफोर्नियात बऱ्याच ठिकाणी 17. चॅनेल 9 आणीबाणीसाठी, तिथे गप्पा नकोत. स्क्वेल्च (कुणी बोलत नसताना स्पीकर गप्प ठेवणारं बटण) फक्त खरखर थांबेल इतकाच, जास्त फिरवलात तर लांबचा माणूस कापला जातो. सूर्यावर डाग भरपूर असतात त्या वर्षांत लहरी लांबवर पोचतात, आणि दुपारी हजार मैलांवरचे लोक 19 वर येऊन गोंधळ घालतात. तेव्हा आरएफ गेन (रेडिओ किती बारीक सिग्नल पकडतो ते ठरवणारं बटण) कमी करा, जवळचे स्वच्छ होतात.

माइक तोंडापासून 2-3 इंच, थोडा तिरका. बटण दाबून अर्धा सेकंद थांबा, मग बोला. नाही तर पहिला शब्द खाल्ला जातो. दिशा आधी, मग मैलाचा दगड: ‘वेस्टबाउंड, टू-फाइव्ह-फाइव्ह यार्डस्टिक, गेटर इन द हॅमर लेन’. यार्डस्टिक म्हणजे मैलाचा दगड, गेटर म्हणजे रस्त्यात पडलेली टायरची साल, हॅमर लेन सगळ्यात डावीकडची. बेअर म्हणजे आपले मामा, चिकन कूप म्हणजे वजनकाटा. आकडे सुटे बोला. आपल्या उच्चारात फिफ्टीन आणि फिफ्टी सीबीवर एकच ऐकू येतात.

वायोमिंगात आय-80 वर एल्क माउंटनच्या पट्ट्यात, जिथे वाऱ्यानं रिकामे ट्रेलर आडवे होतात, समोरून येणाऱ्याला ‘हाउज इट लुक ओव्हर युअर शोल्डर’, म्हणजे तुमच्या मागचा रस्ता कसा आहे, विचारा. अॅपवर लाल रेघ दिसते, पण बर्फ रस्त्यावर आहे की नुसता उडतोय, हे त्यालाच ठाऊक असतं.

मुलुंडकर
अवांतर विचारतो: हाच सेट मुंबईला भावाच्या ट्रकसाठी आणला तर चालेल?

तांब्याची_तार
जसाच्या तसा नाही. भारतात 2005 च्या नियमांनी 26.957 ते 27.283 मेगाहर्ट्‌झ विनापरवाना आहे, 5 वॅटपर्यंत आणि अँटेना सेटमध्येच बसवलेली असेल तर. अमेरिकन चॅनेल 1 ते 27 त्यात बसतात, 28 ते 40 बाहेर जातात, आणि आरशावरची अँटेना तर बसतच नाही. शिवाय बोलणार कुणाशी?

अठराचाकी_ओहायो
1.5, 1.2, 1.5 आला. धन्यवाद! शेवटचं एक: हातात फोन धरला तर दंड, मग माइक चालतो?

घाटमाथा
चालतो. व्यावसायिक ट्रकवाल्यांना हातात फोन धरून बोलायला 2012 पासून केंद्राची बंदी आहे, पण त्यातल्या फोनच्या व्याख्येत सीबी येत नाही. रडार डिटेक्टर (पोलिसांचं वेग मोजणारं रडार ओळखणारं यंत्र) मात्र ट्रकमध्ये सरळ बेकायदा आहे, त्याच कप्प्यात ठेवू नका.