कॉलेजच्या फुटबॉल संघाचे पुढच्या तीन वर्षांचे प्रतिस्पर्धी कसे ठरवायचे? आणि कायमची चुरस कोणाशी?

माटुंगा_मिडफिल्ड

नमस्कार मंडळी. दादर-माटुंगा पट्ट्यातल्या एका कॉलेजच्या जिमखान्यासाठी विचारतोय. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा बाद पद्धतीची. पहिल्याच फेरीत हरलं की वर्षाचा खेळ एका सकाळीत आटोपतो. म्हणून स्पर्धेबाहेर वर्षाला ८ ते १० सामने लावायचे आहेत, आणि तेही तीन वर्षांसाठी, कारण दर जूनला नवा सेक्रेटरी येतो आणि फोनाफोनी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. शिवाय एक सामना असा हवा की त्याला पोरं लेक्चर बुडवून येतील.

२२ जणांचा संघ आहे, कोच अर्धवेळ, पूर्ण मापाचं मैदान नाही, पैसे बेताचेच. प्रतिस्पर्धी तगडे घ्यावेत की बरोबरीचे? आणि खुन्नसवाला सामना कोणाशी लावावा?

टचलाइन_काका

प्रतिस्पर्धी नंतर. आधी कॅलेंडर भिंतीवर लावा आणि लाल पेनने तारखा मारा.

मुंबईत पाऊस साधारण ११ जूनला येतो आणि ८ ऑक्टोबरच्या सुमारास परततो. नेमका हाच फुटबॉलचा काळ, कारण मैदानांवरचं बरंचसं क्रिकेट तेव्हा थांबलेलं असतं. बरंचसं म्हटलं, सगळं नाही. कांगा लीग पावसातच खेळतात, त्यामुळे आझाद मैदान, क्रॉस मैदान या भागात रविवार गृहीत धरू नका. खेळपट्टीभोवती दोरी बांधलेली असेल तर तुमचं मैदान तेवढं आक्रसतं, हे जाऊन बघूनच कळतं. मग गणपती, दहीहंडी, नवरात्र, सेमिस्टरच्या परीक्षा. रविवारी लोकलच्या मध्य आणि हार्बर मार्गांवर मेगाब्लॉक (दुरुस्तीसाठी गाड्या बंद) असतो, पश्चिमेवर जम्बो ब्लॉक. मुलुंडचा संघ आणि अंधेरीचं मैदान असा योग रविवारी जुळवलात तर किक-ऑफला सात जणही उभे राहायचे नाहीत, आणि सातपेक्षा कमी असतील तर नियमाप्रमाणे सामना सुरूच होत नाही. शनिवारी सकाळी साडेसात ही त्यातल्या त्यात धड वेळ.

इतकं खोडून झाल्यावर हातात जेमतेम १२-१४ तारखा उरतात. आता प्रतिस्पर्धी. १० सामने धरले तर ५ बरोबरीचे, ३ वरचढ, २ हलके. बरोबरीचा म्हणजे गेल्या दोन भेटींत गोलफरक दोनच्या आत राहिलेला संघ. नावावर जाऊ नका. तीन वर्षांत कॉलेजची अख्खी पिढी बदलते, त्यामुळे जुनं नाव आणि आजचा संघ यांचा संबंध असेलच असं नाही.

वरचढ संघ जुलैत घ्या. चुका दिसल्या तर सुधारायला वेळ मिळतो. मात्र तीनपेक्षा जास्त नकोत, कारण ०-६ च्या सामन्यात तुमचे बचावपटू तेवढे दमतात, फॉरवर्डच्या पायाला चेंडूच लागत नाही. म्हणजे अर्ध्या संघाचा सराव होतो आणि अर्धा संघ पावसात भिजतो. हलके सामने नव्या पोरांसाठी आणि दुखापतीतून उठलेल्यांसाठी. स्पर्धेआधीचा शेवटचा सामना ७ ते १० दिवस आधी, बरोबरीच्या संघाशी. तिथे वरचढ घेतलात तर मनोधैर्य जातं, हलका घेतलात तर आळस चढतो.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी बघत नाही: खेळण्याची पद्धत. तीन संघ एकाच ताकदीचे असले तरी एक अंगावर येऊन दाबणारा, एक लांब चेंडू टाकून कॉर्नरवर जगणारा, एक पाठीमागून शांतपणे पास देत येणारा असा घ्या. स्पर्धेच्या ड्रॉमध्ये (कोण कोणाशी खेळणार त्या सोडतीत) कोण पुढ्यात येईल ते आपल्या हातात नसतं.

लेफ्टबॅक_लालबाग

मैदानाबद्दल एक. पाच-पाच, सात-सातच्या भाड्याच्या टर्फवर खेळून सामने मोजू नका. जाळीला आपटून परत येणारा चेंडू आणि नसलेला ऑफसाइड यांनी बचावफळीला वाईट सवयी लागतात. पूर्ण टर्फ हवं तर कूपरेज किंवा वांद्र्याचं नेव्हिल डिसोझा मैदान. (१९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक केली ते हेच नेव्हिल डिसोझा. पोरांना सांगा, माहीत नसतं.) पाहुण्या संघाला पत्रातच लिहा: टर्फवर धातूचे स्टड चालणार नाहीत. नाहीतर निम्मे जण बाहेर बसतात.

शनिवारची_लीग

तीन वर्षांचं वेळापत्रक बांधायचं असेल तर अमेरिकन कॉलेज फुटबॉलचं गणित उसनं घ्या. तो खेळ निराळा, हेल्मेटवाला, पण प्रतिस्पर्धी कसे फिरवायचे हा त्यांचा रोजचाच धंदा आहे. तिथल्या एसईसी परिषदेत (परिषद म्हणजे आपसात खेळणाऱ्या कॉलेजांचा गट) १६ संघ आहेत. २०२६ पासून प्रत्येक संघाला परिषदेतले ९ सामने: ३ प्रतिस्पर्धी कायमचे, ६ फिरते. उरलेले १२ दोन वर्षांत विभागले जातात, म्हणून चार वर्षांत प्रत्येकाशी एकदा घरी आणि एकदा बाहेर गाठ पडते. ते कायमचे तीनही दर चार वर्षांनी पुन्हा तपासणार आहेत.

तुमच्यासाठी ते लहान करू. आठ कॉलेजांची यादी करा. दोन कायमचे, त्यांच्याशी वर्षात दोनदा, म्हणजे ४ सामने. उरलेल्या सहांचे तीन-तीनचे दोन गट, एका वर्षी एक गट, म्हणजे ३ सामने. झाले ७. आठवा सामना एखाद्या स्थानिक क्लबच्या संघाशी, कारण तिथले खेळाडू वयाने आणि अंगाने मोठे असतात, धक्का कसा सोसायचा ते तिथेच कळतं. नववा-दहावा पावसात वाहून जाणार हे धरूनच चाला.

आता चुरशीबद्दल. बिग टेन परिषदेत १८ संघ, पण राखीव चुरशी (दरवर्षी हमखास होणारे सामने) सगळ्यांना सारख्या वाटलेल्या नाहीत. वेळापत्रकाची ही पद्धत आली तेव्हा आयोवाला तीन मिळाल्या, पेन स्टेटला एकही नाही. जिथे वैर होतं तिथे राखलं, नव्हतं तिथे चिकटवलं नाही. हेच धोरण ठेवा.

दुसरा धडा टेक्सस आणि टेक्सस ए अँड एम या दोन विद्यापीठांचा. शंभर वर्षांहून जुनी चुरस, पण ए अँड एम दुसऱ्या परिषदेत गेलं आणि २०११ नंतर सामनाच बंद पडला. तो परत झाला २०२४ मध्ये, दोघं पुन्हा एका परिषदेत आल्यावर. आपल्याकडे वेगळं काय झालंय? २०१९ मध्ये डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठ झालं आणि एल्फिन्स्टन, सिडनहॅम ही कॉलेजं तिकडे गेली. २०२० मध्ये एचएसएनसी विद्यापीठ झालं, केसी आणि एचआर कॉलेजं तिकडे. मुंबई विद्यापीठाच्या ड्रॉमध्ये त्यांची भेट व्हायची ती थांबली. म्हणून कायमचा सामना ड्रॉच्या भरवशावर ठेवू नका, दोन जिमखान्यांनी थेट लेखी ठरवावा.

गंमत म्हणजे, बाहेर गेलेली ही कॉलेजंच सरावाला उत्तम. ड्रॉमध्ये समोर येणार नाहीत, त्यामुळे फ्री-किकचे डाव लपवायची गरज नाही. आपल्याच विभागातल्या संघासमोर ऑगस्टमध्ये सगळे पत्ते उघडणं शहाणपणाचं नाही.

गोलकीपर_गिरगाव

पहिल्याच वर्षी ‘महासंग्राम’ वगैरे पोस्टर लावू नका. लीहाय आणि लाफायेत ही पेनसिल्व्हेनियातली दोन शेजारची कॉलेजं १८८४ पासून एकमेकांशी खेळतायत, २०१४ मध्ये १५० वा सामना झाला. तारीख सहसा चुकली नाही म्हणून वैर टिकलं. तुम्ही तारीख सांभाळा, पोस्टर पोरं स्वतःच करतील.

शिट्टी_आणि_कार्ड

रेफरीच्या बाजूने थोडं, कारण मैत्रीपूर्ण सामने बहुतेक वेळा अशाच गोष्टींवरून मोडतात.

बदली खेळाडू किती, हे दोन्ही संघांनी आधी ठरवून सामना सुरू होण्यापूर्वी रेफरीला सांगायचं. मैत्रीपूर्ण सामन्यात जास्त बदल्या चालतात, पण आकडा ठरलेला लागतो. ‘बघू, लागतील तेवढे’ म्हटलं की ७० व्या मिनिटाला भांडण ठरलेलं. बाहेर गेलेला खेळाडू परत येणार की नाही, तेही तेव्हाच बोलून घ्या.

खेळाडूंची यादी रोल नंबरसकट, जिमखान्याच्या शिक्क्याची, दोन प्रती. बाहेरचा ‘पाहुणा’ खेळाडू उतरवण्याचा मोह दोन्हीकडे असतो, आणि एकदा ते झालं की पुढच्या वर्षीचा सामना गेलाच समजा. चेंडू पाच नंबरचा, यजमानाचे किमान दोन. पावसात जुना चेंडू पाणी पिऊन जड होतो. रेफरी आणि दोन्ही लाइनमन तिसऱ्याच ठिकाणचे. यजमान कॉलेजचा माजी विद्यार्थी कितीही सज्जन असला तरी नको. रेफरींचं मानधन अर्धं-अर्धं, आणि ते सामन्याआधी पाकिटात.

मैदान ९० मीटरपेक्षा आखूड असेल तर अकरा-अकराचा हट्ट सोडा, नऊ-नऊ खेळा.

टचलाइन_काका

@शिट्टी_आणि_कार्ड, मानधनाचा मुद्दा सोन्यासारखा. आणि मैदानभाडं वाचवायचं तर एकेक सामना लावण्यापेक्षा सहा कॉलेजांनी मिळून अर्धा दिवस घ्यावा. सहा संघांची एकेरी साखळी (प्रत्येक जण प्रत्येकाशी एकदा) म्हणजे १५ सामने, ५ फेऱ्या, एका फेरीत ३. पंचवीस-पंचवीस मिनिटांचे दोन डाव, पाच मिनिटं मध्यांतर, दहा मिनिटं अदलाबदल. सव्वातीन तासांत फेरी उरकते, साडेसातला सुरू केलं तर पावणेअकराला मैदान मोकळं. भाडं सहा जणांत. जोड्या लावायला एक नाव जागेवर ठेवा, बाकी पाच गोल फिरवा, तेवढं पुरतं.

शनिवारची_लीग

साखळी चांगली, पण ५० मिनिटांचा सामना म्हणजे पूर्ण सामन्याची तयारी नव्हे. थकवा दिसतो तो ६५ व्या मिनिटानंतर. साखळी फार तर जून-जुलैत, निवडीसाठी. ऑगस्टपासून पूर्ण वेळेचेच सामने हवेत.

माटुंगा_मिडफिल्ड

सगळ्यांचे आभार, कॅलेंडर आजच काढतो. समोर तीन नावं आहेत. अ: चालत दहा मिनिटांवरचं कॉलेज, गेल्या दोन भेटी १-२ आणि २-२. ब: मोठ्या नावाचा संघ, मागे ०-६ हरलोय, पण पोरांना त्यांच्याशीच खेळायचंय. क: नवी मुंबईतलं कॉलेज, स्वतःचं छान मैदान, आग्रहाने बोलावतायत. कायमचे दोन कोण?

गोलकीपर_गिरगाव

अ. यात विचार कसला करताय?

टचलाइन_काका

अ नक्कीच. चालत येता येतं म्हणजे प्रेक्षक येतात, आणि स्कोअर बघता कोण जिंकेल ते कोणालाच सांगता येत नाही. एकाच रस्त्यावरची पोरं रोज त्याच टपरीवर भेटतात, बाकीचं काम ती टपरी करते.

ब ला कायमचं करू नका. जुलैत एकदा बोलवा, आणि त्यांच्या क्रीडा संचालकांना सरळ सांगा की दुसरी फळी पाठवा. त्यांनाही राखीव खेळाडूंना वेळ द्यायचाच असतो, ते हो म्हणतात. पंचवीस मिनिटांचे तीन भाग खेळा, प्रत्येक भागाचा स्कोअर वेगळा. ०-३ नंतर ०-१ झालं तर काहीतरी शिकल्याचं दिसतं.

क फिरत्या यादीत टाका. शनिवारीच जा, हार्बरचा ब्लॉक रविवारी असतो. दुसरा कायमचा संघ एवढ्यात ठरवूच नका, पहिल्या वर्षीच्या फिरत्या तिघांत कोण चुरशीने खेळतं ते बघून पुढच्या जूनला ठरवा.

शिट्टी_आणि_कार्ड

अ शी दोन सामने लावाल तेव्हा एकत्रित गोल धरा. बाहेरच्या मैदानावरचे गोल जास्त मोलाचे, हा नियम युएफानेही (युरोपची फुटबॉल संघटना) २०२१ मध्ये काढून टाकलाय, तुम्ही नव्याने आणू नका. प्रेक्षक जवळचे आहेत, तर दोन्ही कॉलेजांना मैदानाच्या समोरासमोरच्या बाजू द्या, रेषेपासून निदान तीन मीटर मागे दोरी. ढोल-ताशा खुशाल आणा, पण प्रेक्षकांत शिट्टी नको. बचावपटू थांबतात, गोल होतो आणि मग मैदानात सगळेच रेफरी.

माटुंगा_मिडफिल्ड

फिरती ढाल ठेवायचं म्हणतोय. दोन सामने मिळून बरोबरी झाली तर पेनल्टी?

शिट्टी_आणि_कार्ड

पेनल्टी नको, अंधार आणि पाऊस दोन्ही अंगावर येतात. बरोबरी झाली तर ढाल आधीच्या विजेत्याकडेच. पहिल्याच वर्षी झाली तर सहा महिने तुमच्याकडे, सहा त्यांच्याकडे. ढालीवर वर्ष आणि स्कोअर कोरायचा खर्च ज्याच्याकडे ढाल असेल त्याने करायचा. आणि परतीच्या सामन्याची तारीख पहिल्याच पत्रात, दोन्ही प्राचार्यांच्या सहीने.