मदत हवी आहे: टेक्सासच्या शाळेतला प्रार्थनेचा वेळ, संमतीच्या फॉर्मवर सही करावी का?

नमस्कार मंडळी, आम्ही डॅलसजवळ राहतो, मुलगा सातवीत, पब्लिक स्कूलमध्ये (म्हणजे सरकारी, आपल्याकडच्या फीवाल्या नव्हे). आम्ही मूळचे नगर जिल्ह्यातले, तीन-चार पिढ्यांपासून ख्रिस्ती, तेव्हा प्लीज "धर्म शाळेत हवाच कशाला" असल्या प्रतिसादांनी धागा भरू नका, माझा प्रश्न तो नाहीये.

तर २०२५ मध्ये इथे एसबी ११ नावाचा कायदा झाला. प्रत्येक स्कूल डिस्ट्रिक्टच्या (म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या) बोर्डाने १ मार्च २०२६ च्या आत मतदान घ्यायचं, की शाळेत रोज प्रार्थना आणि बायबल किंवा दुसऱ्या कुठल्या धर्मग्रंथाचं वाचन यासाठी वेगळा वेळ ठेवायचा का. आमच्या चर्चमध्ये सध्या दुसरा विषयच नाही. पाळक उपासनेनंतर मला थांबवून म्हणाले, मीटिंगला ये आणि बोल, तू इंडियातून आलीस, तुझी साक्ष लोक कान देऊन ऐकतील. नवरा म्हणतो जा की, आणि फॉर्म आला की सही करून मोकळी हो, प्रार्थनेला नाही म्हणणारे आपण कोण.

माझं घोडं अडलंय ते फॉर्मपाशी. कायद्यातच लिहिलंय की पालकाने सही करताना हेही मान्य करायचं की या पॉलिसीवरून आपण नंतर कोर्टात जाणार नाही, एस्टॅब्लिशमेंट क्लॉजखालीसुद्धा नाही (सरकारने कुठला धर्म प्रस्थापित करू नये असं सांगणारं अमेरिकन घटनेतलं कलम). म्हणजे लेकराने देवाचं नाव घ्यावं म्हणून मी सरकारला हक्क लिहून द्यायचा? प्रार्थनेला असली अट मी तरी आजवर ऐकली नव्हती.

दुसरं म्हणजे ज्यांची सही नाही त्या मुलांच्या कानावर ही प्रार्थना पडता कामा नये असं कायदाच सांगतो, स्पीकरवरूनही म्हणायची नाही. हे त्यांच्या भल्यासाठीच आहे, कळतं मला. पण माझ्या डोळ्यासमोर शेजारची मुलगी येते, मराठीच आहेत ते, घरी गणपती बसतो, ती आणि माझा मुलगा एकाच बसने जातात, आणि रोज सकाळी कोण आत कोण बाहेर हे सगळ्या शाळेला दिसणार. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकले, परिपाठाला सरस्वतीची प्रार्थना असायची, वर्गात ख्रिस्ती मी एकटी. आईने सांगून ठेवलेलं, हात जोडून उभी राहा आणि मनात आपली 'स्वर्गातील पित्या' म्हण. बाई चांगल्या होत्या, कोणी कधी बोललं नाही, तरी मैत्रिणी ओठांकडे बघायच्या ना, ते अजून आठवतं. आता इथे आम्ही बहुसंख्यांच्या बाजूला आलोय आणि मला ती बाजू काही केल्या मानवत नाहीये.

तर विचारायचं असं की सही नाही केली तर मुलाच्या स्वतःच्या प्रार्थनेवर काही बंधन येतं का (तो कॅफेटेरियात डबा उघडला की डोळे मिटून प्रार्थना करतो, ते थांबायला नको), आणि चर्चमधल्या लोकांना हे सांगायचं कसं की विश्वास कमी झाला असं त्यांना वाटणार नाही? बायबलच्या मत्तय ६ मधलं खोलीत जाऊन दार लावून प्रार्थना करा हे मी काढलं तर ते लगेच बायबलमधला दानीएल संदेष्टा काढतात, त्याने खिडक्या उघड्या ठेवूनच केली ना म्हणून.

ह्यूस्टनकर: ताई, बंधन अजिबात येत नाही. मुलाने स्वतःहून केलेली प्रार्थना कधीच बंद नव्हती. "१९६२ ला कोर्टाने देवाला शाळेबाहेर काढलं" हे इथे चर्चमध्ये सारखं ऐकू येतं, पण त्या एंगल केसमध्ये न्यूयॉर्कच्या शिक्षण खात्याने स्वतः लिहिलेली २२ शब्दांची प्रार्थना होती, कोर्ट म्हणालं प्रार्थना रचणं हे सरकारचं काम नाही. डबा खाताना, बसमध्ये, पेपरच्या आधी, करू दे की. मोठ्या वर्गांत दुसरे क्लब असतील तर बायबल क्लबलाही जागा द्यावी लागते, १९८४ च्या इक्वल अ‍ॅक्सेस कायद्याने. आणि सप्टेंबरमध्ये झेंड्याच्या खांबाशी मुलं जमून प्रार्थना करतात ना, ते १९९० ला तुमच्या डॅलसकडच्या बर्लेसनमधूनच सुरू झालं, मुलांनीच केलं. शिवाय टेक्सासात प्लेजनंतर (झेंड्याच्या प्रतिज्ञेनंतर) एक मिनिट शांतता असतेच, त्यात काय म्हणायचं ते ज्याचं त्याने.

वसईवाला: आम्ही कॅथलिक, म्हणून पहिला प्रश्न हाच की म्हणायची कोणाची? प्रभूच्या प्रार्थनेत तुम्ही प्रोटेस्टंट लोक शेवटी राज्य, पराक्रम, गौरव म्हणता, आमची त्याआधीच संपते. हसू नका, १८४४ मध्ये फिलाडेल्फियात शाळेत कुठलं बायबल वाचायचं, प्रोटेस्टंटांचं की कॅथलिकांचं, याच्या वादातून दंगली पेटल्या, आमची चर्चेस जाळली. आणि टेक्सासच्याच सांता फेमध्ये फुटबॉल मॅचआधी स्पीकरवरून होणाऱ्या प्रार्थनेविरुद्ध कोर्टात कोण गेलं माहितीये का, एक कॅथलिक आणि एक मॉर्मन कुटुंब. २००० साली जिंकले. पाळकांना हे सांगा, नास्तिकांची नावं घेऊच नका.

कट्ट्यावरचा: भारतात कॉन्व्हेंटमध्ये सगळ्यांना प्रार्थना म्हणायला लावतात तेव्हा चालतं वाटतं?

धागाकर्ती: नाही चालत. आपल्या घटनेचं २८ वं कलम बघा, पूर्ण सरकारी खर्चाच्या शाळेत धार्मिक शिक्षण नाही, आणि सरकारी मान्यता किंवा मदत असलेल्या शाळेत पालकांच्या संमतीशिवाय सक्ती नाही. कॉन्व्हेंटने सक्ती केली तर तेही चूकच, मी ख्रिस्ती आहे म्हणून त्यांची बाजू घेणार नाही.

ह्यूस्टनकर, वसईवाला, खूप आभार. सांता फेचं मला माहीतच नव्हतं, नवऱ्याला दाखवलं तर तो पहिल्यांदाच गप्प बसून वाचतोय. पण दानीएलचं कोणीच सांगितलं नाही.

ह्यूस्टनकर: अहो दानीएल ६ नीट वाचा ना. तिथे प्रार्थना कोणी कोणाकडे करायची हे सरकारच ठरवत होतं, तीस दिवस राजाशिवाय कोणाकडे मागायचं नाही असा हुकूम होता, आणि हा आपल्या घरात, आपल्या खिडकीत, रोजच्यासारखा बसला. त्याने राजाकडे वेगळा तास मागितला नव्हता. मीटिंगला बोलायचं असेल तर आधी नाव नोंदवावं लागतं, डिस्ट्रिक्टच्या साइटवर अजेंडा लागला की बघा, आणि वेळ कमी मिळतो, लिहून न्या.

धागाकर्ती: हे पाळकांना असंच्या असं सांगते. बोर्डासमोर बोलायची भीती नाही हो, रविवारी चर्चमध्ये चहाच्या टेबलाशी बोलायची आहे. कोणी आपल्याच मंडळीसमोर असं काही सांगितलं असेल तर सुरुवात कशी केली तेवढं लिहा.