मदत हवी आहे: जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना वेलांटी आणि रफार चुकतात

युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेल्या वर्डच्या बऱ्याच फाइली युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला स्वतःचा ठरलेला कोड देणाऱ्या प्रमाण पद्धतीत) आणायच्या आहेत. त्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या कोडवर बसवलेली असतात, म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर चिकटवलं की नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात. कन्व्हर्टरने साधा मजकूर नीट येतो. अडतं ते पहिल्या वेलांटीपाशी: जुन्या फॉन्टमध्ये ती अक्षराच्या आधी, युनिकोडमध्ये नंतर. त्यामुळे 'स्थिती'सारख्या जोडाक्षरात ती मध्येच अडकते. रफाराचं नेमकं उलट: जुन्या फॉन्टमध्ये तो अक्षरानंतर, युनिकोडमध्ये आधी. शिवाय 'दऱ्या' आणि 'दर्या' एकच होऊन बसतात, अर्थच बदलतो! तक्ते आणि ठळक अक्षरं न बिघडवणारा वर्ड मॅक्रो (हे बदल आपोआप करणारी छोटी आज्ञावली) कुणाकडे आहे का? वेलांटी आधी हलवता की रफार?