टॅन २१ मायनस येतोय, सावली मायनस कशी असेल?

रावेरचा_पोऱ्या: लहान भावाचा शाळेचा प्रोजेक्ट आहे. २१ मार्चला दुपारी १२.३५ च्या सुमारास अंगणात एक मीटरची काठी उभी केली, सावली साडेअडतीस सेंटीमीटर भरली. पुस्तकात दिलंय की त्या दिवशी सावली म्हणजे काठीची उंची गुणिले टॅन अक्षांश, आपला अक्षांश साधारण २१, म्हणून एक्सेलमध्ये टॅन(२१) टाकलं तर उत्तर आलं मायनस १.५३!! कॅल्क्युलेटरवर बरोबर ०.३८ येतं. एक्सेल बिघडलंय का?

भुसावळकर: बिघडलं नाही भो, एक्सेलला २१ अंश नाही कळत, ते २१ रेडियन समजतं. टॅन(रेडियन्स(२१)) असं लिही, ०.३८३९ येईल. पायथॉनमध्येपण हेच. कॅल्क्युलेटरच्या स्क्रीनवर वर बारीक डी दिसतो ना, तो डिग्रीचा, चुकून आर झाला की तिथंही हाच घोळ.

यावल_केळी: भावाला नीट समजवायचं असेल तर सायकलचं चाक घे. मधल्या आसापासून कडेपर्यंत दोरी माप, तेवढीच कापून चाकाच्या कडेवर टेकव, तिची दोन टोकं मध्याशी जेवढा कोन करतात तो एक रेडियन, म्हणजे साधारण ५७.३ अंश. अशा दोऱ्या लावत गेला की सहा पूर्ण बसतात आणि पाव दोरीपेक्षा थोडी जास्त जागा उरते, तेच ते २ पाय (π), म्हणजे ६.२८. आता २१ रेडियन म्हणजे २१ दोऱ्या, चाकाला तीन फेऱ्या पूर्ण होऊन वर २.१५ दोऱ्या, म्हणजे १२३ अंशाच्या आसपास, आणि ९० च्या पुढं १८० पर्यंत टॅन मायनसच असतो. उत्तर त्याच्या जागी बरोबर आहे, फक्त प्रश्न दुसराच विचारला गेलाय.

चाळीसगाव_गणित: यावलवाल्या दादांनी फार छान सांगितलं. वर्तुळाचे ३६० भाग माणसाने ठरवले, पण रेडियन वर्तुळातूनच निघतो, म्हणून कोन लहान असला की साइन आणि कोन जवळजवळ सारखेच येतात, साइन ०.१ म्हणजे ०.०९९८. साइनचं डेरिव्हेटिव्ह (बदलाचा दर) सरळ कॉस येतं तेही रेडियनमध्येच, अंशात प्रत्येक वेळी पाय भागिले १८० मागे लागतं. रेडियन हा शब्द छापील स्वरूपात १८७३ मध्ये बेलफास्टच्या जेम्स थॉमसन यांच्या परीक्षेच्या पेपरात आला, पण कल्पना आपल्याकडे फार जुनी. आर्यभटाने ‘ज्या’ (आजच्या साइनचं जुनं रूप) काढताना त्रिज्या ३४३८ धरली. का? वर्तुळाच्या कला (अंशाचा साठावा भाग म्हणजे एक कला) २१६००, त्याला २ पायने भागा, ३४३७.७ येतं, म्हणजे एका रेडियनच्या कलाच की! भास्कराचार्यांनीही हीच त्रिज्या वापरली. त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी नातू चांगदेवाने मठ काढला, त्याचा १२०७ चा शिलालेख आमच्या चाळीसगावजवळच्या पाटण्याला आहे. भावाला घेऊन एकदा याच.

रावेरचा_पोऱ्या: जमलं सर, ०.३८३९ आलं! आता उलटं करून बघतोय, सावलीवरून अक्षांश. एटॅन(०.३८५), म्हणजे टॅनचं उलटं, केलं तर ०.३६७५ येतंय?

भुसावळकर: तेही रेडियनमध्येच आलंय भो. डिग्रीज() मध्ये टाक.

रावेरचा_पोऱ्या: २१.०६!!! अंगणातल्या काठीने अक्षांश निघाला, भाऊ आता मोठ्या अक्षरात तक्त्यावर लिहितोय.